पटावरचा नंबर

शाळेत प्रत्येक मुलाला दोन नंबर असतात. एक हजेरीपटावरचा आणि दुसरा जनरल रजिस्टरमधला. पहिला मुलाला तोंडपाठ असतो. दुसऱ्याची त्याला बहुधा वार्ताही नसते. हजेरीपटावरचा नंबर दर जूनमध्ये नव्याने मिळतो. आडनावांच्या आद्याक्षरांप्रमाणे यादी लावायची आणि एकापासून आकडे घालीत खाली जायचे. गेल्या वर्षीचा सतरा यंदा एकोणीस होतो. त्या पोराच्या अंगी काहीएक बदललेले नसते. त्याच्या आधीच्या अक्षराची दोन मुले वर्गात नव्याने आलेली असतात, एवढेच. मध्येच ऑगस्टात कुणी दाखल झाले तर त्याला ओळीत घुसता येत नाही, ते शेपटाला लागते. जनरल रजिस्टरची तऱ्हा निराळी. मूल शाळेचा उंबरा प्रथम ओलांडते त्या दिवशी त्या जाडजूड वहीत जो आकडा पडला तो पडला. ते मूल शाळा सोडून जाते, बापे होते, म्हातारे होते, मरूनही जाते. तो आकडा दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

एकदा एका वर्गावर बदली शिक्षक आले. वर्गात गोंगाट झाला. त्यांनी कपाटातून हाताला लागला तो, म्हणजे आदल्या वर्षीचा, हजेरीपट काढला आणि नंबर पुकारून मुले उभी करायला सुरुवात केली. छड्या बसल्या त्या भलत्यांनाच. ज्यांना बसायला हव्या होत्या त्यांची त्या दिवशी फार करमणूक झाली. आता नंबराऐवजी नावाने हाक मारावी, तर देहू-आळंदी आम्हाला दूर नाही. पटावर ज्ञानेश्वर आणि तुकाराम यांचे पीक अमाप. एक हाक मारावी आणि तिघे उभे राहावेत!

संगणकाच्या पोटातही हाच हजेरीपट आणि हेच जनरल रजिस्टर असते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

माझे शिक्षण मॅट्रिकचे. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि नाणे मावळातल्या एका शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून चिकटलो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. राहतो लोणावळ्याला, सकाळच्या लोकलने कामशेतला उतरायचे आणि तिथून जीपमध्ये जागा मिळेल तशी आत जायचे. शाळा लोकल बोर्डाच्या काळातली, पहिलीपासूनची. वरचे वर्ग तिला मागाहून जोडले गेले. संगणक आले तेव्हा ते कुणाच्या गळ्यात बांधावेत असा प्रश्न निघाला. गणिताचे शिक्षक कामाचे, इंग्रजीचे त्याहून कामाचे. चित्रकलेचा तेवढा रिकामा. अशा रीतीने संगणकाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आली, आणि ती परत मागावी असे अजून कुणाला वाटलेले नाही.

त्या खोलीत सहावीतल्या एका मुलीने एकदा विचारले, “सर, ही यादी ‘सी’पासनं का सुरू होते? ‘ए’ अन् ‘बी’ कुठं गेले?”

प्रश्न असा होता की तास संपल्यावर मी त्याच्या मागे लागलो. एकोणीसशे सत्तरनंतरच्या दशकात गॅरी किल्डॉल नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने छोट्या संगणकांसाठी एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारी ती मूळ व्यवस्था. कोण आले, कोण गेले, कुणाला कुठे बसवायचे, हे ती ठरवते. किल्डॉलच्या व्यवस्थेत डिस्कच्या खणांना ए, बी अशी अक्षरे होती. १९८१ साली आयबीएमचा पीसी निघाला, त्यावरच्या डॉसने तीच रीत उचलली. तेव्हा पेटीच्या आत कायमची डिस्क नसे. फ्लॉपीचे दोन खण असत, ते ए आणि बी. १९८३ साली पीसी-एक्सटी हे यंत्र हार्ड डिस्क पोटात घेऊनच आले. तिला पुढचे अक्षर मिळाले, सी. पुढे फ्लॉपी गेली, तिचे खणही गेले. आजच्या मुलांनी फ्लॉपी डोळ्यांनी पाहिलेली नाही. साठवण्याची खूण म्हणून पडद्यावर तिचे चित्र दिसते, त्याला ती ‘सेव्हचं बटण’ म्हणतात. पण ए आणि बी ही अक्षरे विंडोज अजूनही आपण होऊन सहसा कुणाला देत नाही. पाटीलकी गेली, वतने गेली, तरी गावजेवणाच्या पंगतीत पहिले पान कुणी पटकन धरीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

मुलीला मी हे सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे ते वारले.” मी हो म्हटले.

सी ठरलेला, त्याच्या पुढे मात्र येईल त्याला मिळेल ते, असा कारभार. तुम्ही पेनड्राइव्ह खोचलात की विंडोज मोकळे असलेले पहिले अक्षर त्याला चिकटवते. माझ्या चालू कादंबरीचे हस्तलिखित ज्या पेनड्राइव्हवर आहे तो शाळेत ‘ई’ असतो, घरी ‘एफ’, आणि बाजारातल्या झेरॉक्सवाल्याकडे ‘एच’. झेरॉक्सवाला घाईत विचारतो, “कुठला ड्राइव्ह, सर?” मी काय सांगणार? माझ्या हातातला, एवढेच मला ठाऊक. विंडोजला अगदीच विसराळू म्हणता येणार नाही. ती स्वतःपाशी एक टिपणवही बाळगते. ओळखीची डिस्क परत आली आणि तिचे जुने अक्षर मोकळे असले तर तेच पुन्हा देते. पण ती टिपणवही त्या यंत्राची. शेजारच्या यंत्राला तिची खबर नसते. शिवाय इंग्रजी अक्षरे सव्वीसच. किल्डॉलसाहेब मावळात जन्मले असते तर निदान क, का, कि, की करीत बाराखडीभर डिस्का लावता आल्या असत्या.

शाळेतली आमची यंत्रे जुनी झाली. विंडोजची नवी आवृत्ती त्यांना पेलेना. सुरू व्हायला ती इतका वेळ घेऊ लागली की तेवढ्यात अर्धा तास संपे. माझा एक जुना विद्यार्थी तळेगावच्या एका कारखान्यात संगणकांची देखभाल करतो. चित्रकलेत तो अगदी बेताचा होता. सरळ रेघ मात्र त्याला पट्टीशिवाय काढता येई. तो म्हणाला, “सर, लिनक्स घालू या. फुकट आहे आणि या पेट्यांना हलकं जाईल.” फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतलेली ही ऑपरेटिंग सिस्टिम, आपल्याकडे सी-डॅकने २००७ साली ‘बॉस’ नावाची जी भारतीय भाषांची प्रणाली काढली तीही तिच्यावरच उभी. पुढे महिनाभर तो रविवारी येत राहिला.

लिनक्समध्ये सी नाही आणि डी नाही. डिस्क सापडली की तिला नाव मिळते एसडीए, दुसरी सापडली की एसडीबी, तिसरी, एसडीसी. झेड संपले की एसडीएए. ‘एसडी’ म्हणजे स्कझी डिस्क. स्कझी ही डिस्क जोडण्याची एक जुनी पद्धत. ती पद्धत आता घरगुती यंत्रांत उरली नाही, पण नाव उरले. इतकेच नव्हे, ज्या साध्या डिस्कांना पूर्वी ‘एचडी’ म्हणत त्यांनाही २००७ च्या सुमारास याच आडनावात दत्तक घेतले गेले. अलीकडच्या नव्या वेगवान डिस्का मात्र निराळे कूळ सांगतात. त्यांची नावे एनव्हीएमई-शून्य-एन-एक अशी लांबलचक. यात पहिली मोजणी शून्यापासून आणि दुसरी एकापासून. हे असे का, ते मला विचारू नका. माझ्या विद्यार्थ्याला विचारले तर तो म्हणाला, “सर, आपल्याकडं तळमजला अन् पहिला मजला नाही का?”

आता या एसडीए, एसडीबीमधले शेवटचे अक्षर कशावरून ठरते? डिस्क किती मोठी, किती जुनी, कुणाची, तिच्यात काय आहे, यांपैकी कशावरूनही नाही. यंत्र जागे झाल्यावर ज्या क्रमाने डिस्का त्याला सापडल्या, त्या क्रमावरून. हल्लीची यंत्रे सगळ्या दारांवर एकदमच हाका मारतात. ज्याची ओ आधी आली तो ‘ए’. काल जी पहिली आली तीच आज पहिली येईल अशी हमी व्यवस्था देत नाही आणि तसे ती स्वच्छ सांगते. हजेरीपट दर जूनमध्ये नवा लिहावा लागतो. इथे यंत्र जितक्यांदा सुरू होईल तितक्यांदा जून.

लोणावळ्याच्या फलाटावर उभे राहणाऱ्याला हे समजायला जड नाही. मुंबईची गाडी येते. डब्यांवर सी-१, डी-३ अशा पाट्या असतात आणि माणसे त्या वाचीत धावतात. ती पाटी त्या गाडीपुरती, त्या फेरीपुरती. डबा उद्या दुसऱ्या गाडीला लागला की पाटी बदलली. पण त्याच डब्याच्या अंगावर रंगाने लिहिलेला एक मोठा आकडा असतो आणि त्याकडे प्रवासी ढुंकून पाहत नाहीत. त्या आकड्याची पहिली दोन स्थळे म्हणजे डबा बांधल्याचे साल. तो मोडीत निघेपर्यंत तो आकडा त्याचा. चाके दुरुस्त करणारा माणूस सी-१ म्हणून डबा शोधीत नाही. तो अंगावरचा आकडा वाचतो.

हे सारे मौजेखातर वाचण्यासारखे राहिले असते. पण आमच्या शाळेत एक डिस्क होती आणि तिच्यात जनरल रजिस्टर होते.

२०२३ साली महाराष्ट्रभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कचेऱ्यांतून, शाळांतून जुनी दप्तरे खाली उतरली. आमचीही उतरली. कित्येक वर्षांनी त्या वह्यांना ऊन लागले. काही पाने मोडीत, काही बाळबोध, शाई कुठे निळी कुठे तपकिरी, आणि प्रत्येक पानावर वाळवीची नक्षी. आम्ही तिघांनी दिवाळीच्या सुटीत बसून एकेका पानाचे फोटो काढले आणि ते एका टेराबाइटच्या बाहेरून लावायच्या डिस्कवर भरले. काम कुणबी नोंदींचे होते, पण पान फोटोत आले की त्याच्यावरच्या सगळ्याच नोंदी येतात. त्यांत आमच्या वस्तीवरचे कातकरीही आले.

पुढच्या पावसाळ्यात कपाटावरचे पत्रे उडाले. नाणे मावळातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. दोन वह्यांची पाने एकमेकांना चिकटली, शाई पसरली. त्या पानांवर काय होते हे आता फोटोवरूनच कळते.

अशाच एका पानासाठी वस्तीवरची एक आजी गेल्या उन्हाळ्यात शाळेत आली. नातवाला पुढे शिकायचे होते आणि जातीच्या दाखल्याची पडताळणी अडली होती. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० ही तारीख मोलाची. त्या दिवसाआधीचा कागद हाती असला तर मोठा आधार. आता कातकऱ्याच्या घरात १९५० च्या आधीचा कागद कुठून असणार? जमीन नाही म्हणून सातबारा नाही, घर दरसाल शाकारायचे म्हणून घरपट्टी नाही. आजी म्हणाली, “गुरुजी, माझा सासरा म्हणायचा, म्या चार म्हयने साळंत बसलो व्हतो.” चार महिने! आम्ही फोटो चाळले. दुसऱ्या दिवशी दुपारी तो सापडला. १९४९ च्या जुलैत दाखल, नोव्हेंबरात नाव कमी. जातीच्या रकान्यात ‘काथोडी’. शेऱ्याच्या रकान्यात, ‘परगावी गेला’. एवढ्या चार महिन्यांवर आता तिसरी पिढी उभी राहणार होती. मूळ पान आणि त्याचा फोटो शेजारी शेजारी ठेवून ते कचेरीत दाखवावे लागणार होते, कारण मूळ पानावर आता एक निळा डाग आणि त्यातून डोकावणारी चार अक्षरे एवढेच शिल्लक होते.

एकच डिस्क बरी नव्हे, दुसरी प्रत हवी, असे आमचे ठरले. विद्यार्थ्याने आपल्याकडची एक वापरलेली डिस्क आणली. तिच्यावर काहीबाही जुने होते. ती पूर्ण पुसायची आणि मग रजिस्टरचे फोटो तिच्यावर उतरवायचे. योगायोग असा की त्याची डिस्क आमच्याच कंपनीची, तेवढ्याच मापाची, काळी. टेबलावर दोन्ही ठेवल्या तर जुळ्या बहिणी. रविवार होता, जुलैचा. त्याने आमची डिस्क आधी लावली, मग आपली. यंत्राच्या आतली एसडीए, आमची एसडीबी, त्याची एसडीसी. विसर नको म्हणून मी खडूने फळ्यावर लिहिले: ‘सी – पुसणे’.

तेवढ्यात लाइट गेली. तासाभराने आली. या वेळात आम्ही हेडबाईंनी पाठवलेला चहा घेतला आणि पावसाकडे पाहत बसलो. डिस्का जिथल्या तिथे खोचलेल्या होत्या, त्यांना कुणी हात लावला नव्हता. यंत्र पुन्हा सुरू झाले. विद्यार्थी खुर्चीवर बसला आणि टायपू लागला. डीडी नावाची एक आज्ञा आहे. अमुक डिस्कवर पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत शून्ये लिही, असे तिला सांगता येते. ती उलट विचारीत नाही. ‘नक्की ना?’ असे म्हणणे तिच्या स्वभावात नाही. त्याने आज्ञा लिहिली, एसडीसीपर्यंत आला, फळ्याकडे पाहिले आणि बोट वर धरून थांबला.

“सर, तुमच्या डिस्कच्या पाठीवर स्टिकर आहे का बघा. शेवटचे चार आकडे वाचा.”

मी डिस्क उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाचले. त्याने लिहिलेली आज्ञा पुसली, दुसरीच काही लिहिली आणि पडद्यावर एक यादी आणली.

“परत वाचा.”

मी परत वाचले. तो काही न बोलता उठला, फळ्याशी गेला आणि डस्टरने फळा पुसला. आमची डिस्क आता एसडीसी झाली होती. लाइट आल्यावर त्याच्या डिस्कने आधी ओ दिली होती.

घाटात रेल्वेने जाताना बोगद्यापूर्वी एक क्षण खालची दरी दिसते आणि लगेच अंधार होतो. तसे काहीसे मला झाले. म्हातारा चार महिने शाळेत बसला होता, त्याची साक्ष देणारे पान त्या काळ्या पेटीत होते, आणि त्याच्या रक्षणासाठीच आम्ही हा खटाटोप मांडला होता. यंत्र खोटे बोलले असे म्हणता येत नाही. ‘सी’ याचा अर्थ त्याच्या लेखी तिसरी आलेली, इतकाच. तो सकाळीही खरा होता आणि दुपारीही.

विद्यार्थ्याने जी यादी आणली ती मी मग त्याच्याकडून नीट समजावून घेतली. लिनक्स प्रत्येक डिस्कला हजेरीचा नंबर देते, पण त्याबरोबर तिची आणखी नावेही टिपून ठेवते, आणि ती निरनिराळ्या खणांत लावते. एका खणात जागेवरून नाव: अमुक बाजूच्या अमुक खाचेत लावलेली. खेड्यात आपण ‘विहिरीपलीकडचा तिसरा उंबरा’ म्हणतो ते हे. घर बदलले की हेही बदलते. दुसऱ्या खणात घराण्यावरून: कंपनी, मॉडेल आणि पाठीवरचा अनुक्रमांक. त्या दिवशी आम्हाला वाचवले ते याने. तिसऱ्यात हाकेचे नाव, म्हणजे मालकाने हौसेने ठेवलेले लेबल. आणि चौथ्यात एक भलेमोठे, उच्चारता न येणारे नाव, यूयूआयडी. बत्तीस अक्षरआकडे आणि मध्ये चार आडव्या रेघा. डिस्कवर फाइलींची मांडणी प्रथम केली जाते त्या वेळी हे नाव तिच्या अंगावरच लिहिले जाते. यंत्र बदला, खाच बदला, क्रम बदला, ते तिच्याबरोबर जाते. जाणते लोक यंत्राला सकाळी कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी देतात, तेव्हा एसडीबी वगैरे लिहीत नाहीत, हे लांबलचक नाव लिहितात.

मला नवल वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. हे नंबर वाटणारी कचेरी जगात कुठेही नाही. प्रत्येक यंत्र आपल्या मनाने एक आकडा उचलते आणि तो दुसऱ्या कुणी उचललेला नसेल यावर विसंबते. शक्य असलेले आकडेच इतके, पाचावर छत्तीस शून्ये, की दोघांनी तोच उचलावा हे व्यवहारात घडत नाही. कादंबरीकाराला हे भाग्य नाही. एका कादंबरीत मी खलनायकाला मोठ्या विचाराने नाव दिले, आणि पुस्तक बाहेर पडल्यावर त्याच नावाचे तिघेजण मला तालुक्यातच भेटले.

एकाच प्रसंगी दोघींचे नाव एक होते. डिस्कची जशीच्या तशी, कणाकणाने नक्कल केली की नावाचीही नक्कल होते. मग त्या दोन्ही एकदम यंत्राला लावल्या तर त्याची पंचाईत होते. विंडोज तर त्यांतली एक चक्क दाराबाहेर उभी करते. म्हणून आम्ही दुसरी डिस्क पुसून, तिच्यावर नवी मांडणी करून, तिला तिचे स्वतःचे नाव मिळू दिले आणि मगच फोटो एकेक करून तिच्यात नेले. त्याला संध्याकाळ झाली. शेवटची लोकल चुकते की काय अशी धास्ती पडली होती.

साध्या पेनड्राइव्हचे नाव याहून आखूड असते: चार अक्षरआकडे, रेघ, पुन्हा चार. ते कसे ठरते हे कळले तेव्हा मी विद्यार्थ्याला दोनदा विचारले. ते पेनड्राइव्ह फॉरमॅट केला त्या क्षणाच्या तारखेवरून आणि वेळेवरून काढतात! म्हणजे आपल्याकडे पंचांग पाहून नक्षत्राच्या चरणावरून जन्मनाव काढतात, अश्विनीला चू, चे, चो, ला, तसेच. फरक एवढाच की ही जन्मवेळ कारखान्यातली नाही. पेनड्राइव्ह तैवानात जन्मला की चीनमध्ये, कधी जन्मला, याच्याशी तिला कर्तव्य नाही. कुणीतरी त्याला आपल्या यंत्राला लावून पाटी कोरी केली आणि वापरायला घेतले, तो त्याचा जन्म.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे जनरल रजिस्टरातला जन्मतारखेचा रकाना आला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शाळेचे रजिस्टर उघडा, त्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून अशी माळ दिसेल. या तारखेला सगळ्या खेड्यांत पोरे जन्मत होती असे नाही. बाप पोराला घेऊन येई. जन्म कधीचा म्हणून विचारले तर ‘लई पाऊस झाला त्या साली’ म्हणे. गुरुजी पोराकडे एकवार बघत, शाळेत घेण्याच्या वयाचा हिशेब करीत आणि लिहीत, १ जून. तारीख जन्माची नव्हतीच, ती शाळेच्या सोयीची होती. पण तीच मग त्याच्या दाखल्यावर गेली, नोकरीत गेली, तीच धरून तो निवृत्त झाला. आजीच्या सासऱ्यापुढेही तेच लिहिलेले होते: १ जून १९४२. ते लिहिणाऱ्या गुरुजींनी हात जरा आखडता घेतला असता, चार महिन्यांच्या पोराची नोंद कशाला म्हणून पान सोडून दिले असते, तर आज शोधायला काही उरले नसते. त्या गुरुजींचे नाव त्या वहीत कुठेही नाही. अक्षर मात्र वळणदार आहे.

राहिले हाकेचे नाव. विद्यार्थी म्हणाला, “सर, दोन्ही डिस्कांना लेबल द्या. मराठीत दिलं तरी चालतं.” मी मोठ्या उत्साहाने ‘लोणावळा’ लिहिले. यंत्राने ते घेतले नाही. लेबलाला सोळा बाइटांची जागा, आणि देवनागरीचे एकेक चिन्ह, काना आणि मात्रासुद्धा, तीन तीन बाइट खाते. पाचाच्या वर चिन्हे बसत नाहीत. लोणावळ्याला सात लागतात. कामशेतला सहा. मावळ चारांत बसते, नाणे चारांत, पवना चारांत, वडगाव बरोबर पाचांत. ज्यांनी ही जागा आखली त्यांच्या भाषेत काना-मात्रा नव्हत्या, त्यांना दोष तरी काय द्यायचा? ‘रजिस्टर’ही बसेना. शेवटी आमच्या डिस्कला ‘पट’ असे नाव दिले आणि दुसरीला ‘पट२’. पहिली शाळेच्या तिजोरीत, दुसरी माझ्या घरी लोणावळ्याला, तांदळाच्या डब्याशेजारी कोरड्या जागेत.

आजीच्या नातवाचे कागद ऑगस्टात कचेरीत गेले. मूळ पान मेणकापडात गुंडाळून हेडबाई स्वतः घेऊन गेल्या; फोटो मोठा करून सोबत लावला होता. पुढच्या तारखेला पुन्हा बोलावले आहे.

त्याची धाकटी बहीण आमच्याकडे पाचवीत आहे. दिवाळी झाली की वस्ती ओस पडते; सगळे वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पूर्वी अशा पोराचे नाव कमी करीत आणि शेऱ्यात ‘परगावी गेला’ लिहीत. आता जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यायचे असते. जिथे जाईल तिथल्या शाळेत ते दाखवले की तिथे त्याला बसवून घेतात. परवा मी तिचे कार्ड भरले. तिने शेजारी उभे राहून पाहिले आणि म्हणाली, “सर, माझा नंबर तेवीस.” मी तेवीस लिहिला नाही. कपाटातून रजिस्टर काढले, तिचा तिथला नंबर उतरवून घेतला, आणि तिला तो तीनदा म्हणायला लावला. चार आकडी आहे. दुसऱ्यांदा चुकली, तिसऱ्यांदा बरोबर म्हणाली. मग कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवीचे तोंड दोऱ्याने बांधून दिले.